बसमधल्या मुलीच्या बाई

(तालुका वाचनालयाच्या स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या गुरुजींच्या नावानं ही व्याख्यानमाला चालते, त्यांना मी त्यांच्या उतारवयात पाहिलं. वाचनालयाच्या ओट्यावर बसून ते शाळेतून परतणाऱ्या पोरांना थांबवायचे आणि विचारायचे, ‘आज काय शिकवलं रे?’ पोरगं धडा सांगू लागलं की म्हणायचे, ‘ते पुस्तकात आहे. न शिकवता काय शिकवलं ते सांग.’ मला ते कोडं वाटायचं. पुढं मी चौतीस वर्षं हायस्कूलमध्ये इतिहास शिकवला, निवृत्त झाले, आणि आता कुठं त्या प्रश्नाचा अर्थ लागतोय. आजचं बोलणं त्या प्रश्नावरच आहे. शाळा मात्र अमेरिकेतल्या आहेत, आणि प्रश्न वंशभेदाचा आहे. शाळा मुलांना काळ्या-गोऱ्याबद्दल काय सांगते, काय सांगत नाही, आणि त्यातून कोणती मुलं उद्या रस्त्यावर उतरतात?

या विषयाकडे मला माझ्या नातीनं आणलं. ती न्यू जर्सीत तिसरीत आहे. जानेवारीच्या तिसऱ्या सोमवारी तिथं मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जयंतीची सुट्टी असते. त्याआधीच्या आठवड्यात शाळेत किंग यांच्याबद्दल, रोझा पार्क्स यांच्याबद्दल सांगतात, मुलांकडून चित्रं काढून घेतात. नातीनं व्हिडिओ कॉलवर तिचं चित्र कॅमेऱ्यासमोर धरलं. पिवळी बस, खिडकीत चष्मा लावलेल्या एक बाई, डोळे मिटलेले. मी विचारलं, ‘झोपल्यात का गं?’ ती म्हणाली, ‘नाही आजी, दमल्यात. काम करून पाय दुखत होते ना, म्हणून उठल्या नाहीत.’

ही गोष्ट तिथल्या कितीतरी वर्गांत अशीच सांगितली जाते. सांगणाऱ्या बाईंच्या मनात काही वाईट नसतं, मुलांना कळेल असं सोपं करायचं असतं. पण रोझा पार्क्स त्या दिवशी रोजच्यापेक्षा जास्त दमलेल्या नव्हत्या, हे त्यांनीच पुढं स्पष्ट केलं आहे. १ डिसेंबर १९५५ला, अलाबामातल्या मॉन्टगोमेरीत, गोऱ्या प्रवाशासाठी बसमधली जागा सोडायला त्यांनी नकार दिला, तेव्हा त्या ४२ वर्षांच्या होत्या. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेच्या शहर शाखेचं सचिवपद त्या बारा वर्षं सांभाळत होत्या. त्याच उन्हाळ्यात त्या टेनेसीतल्या हायलँडर फोक स्कूलमध्ये दोन आठवड्यांच्या कार्यशाळेला जाऊन आल्या होत्या. ती कार्यशाळा चालवत होत्या सेप्टिमा क्लार्क, चाळीसेक वर्षं शाळेत शिकवलेल्या बाई. म्हणजे बसमधल्या त्या बाई पाय दुखतात म्हणून बसून राहिल्या नव्हत्या. वर्षानुवर्षं तयारी करून बसल्या होत्या. ‘दमलेल्या बाई’च्या गोष्टीतून मुलाला काय कळतं? की अन्याय एखाद्या संध्याकाळी आपोआप संपतो. एक भली बाई दमते, लोकांना वाईट वाटतं, कायदा बदलतो. त्यात आठ वर्षांच्या मुलानं करण्यासारखं काहीच उरत नाही. गुरुजींच्या भाषेत, हे न शिकवता शिकवलेलं आहे.

नातीला मग मी त्याच शहरातली दुसरी गोष्ट सांगितली. रोझा पार्क्स यांच्या आधी नऊ महिने, २ मार्च १९५५ला, क्लॉडेट कोल्विन नावाची पंधरा वर्षांची मुलगी शाळेतून घरी जाताना बसमधून उठली नाही. तिच्या ओळीतल्या तीन मुली उठल्या, ही बसून राहिली. पोलिसांनी तिला ओढून खाली उतरवलं, बेड्या घातल्या, कोठडीत टाकलं. पुढं ज्या खटल्यानं मॉन्टगोमेरीच्या बसमधला भेदभाव कायद्यानं संपवला, त्यातल्या चार फिर्यादींपैकी ती एक होती.

मला क्लॉडेटच्या धाडसाइतकंच तिच्या शाळेचं कौतुक वाटतं. बुकर टी. वॉशिंग्टन हायस्कूल, फक्त कृष्णवर्णीय मुलांची शाळा. तिथं जेराल्डिन नेस्बिट नावाच्या शिक्षिका होत्या. कार्टर वुडसन या इतिहासकारानं १९२६पासून फेब्रुवारीत कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा सप्ताह सुरू केला होता. नेस्बिटबाईंना आठवडा पुरला नाही, त्यांच्या शाळेत ते पूर्ण फेब्रुवारीभर चाललं. पळून गेलेल्या गुलामांना वाट दाखवणारी हॅरिएट टबमन, गुलामगिरीतून सुटून व्यासपीठावर उभी राहिलेली सोजर्नर ट्रूथ, शिवाय देशाची राज्यघटना, असं सगळं वर्गात झालं. ही तालीम ज्या महिन्यात चालली, तो संपून दोनच दिवस झाले होते, आणि क्लॉडेट बसमध्ये बसली. ती पुढं सांगायची की उठायला सांगितलं तेव्हा एका खांद्यावर हॅरिएटचा हात होता आणि दुसऱ्यावर सोजर्नरचा, त्या तिला खाली दाबून धरत होत्या. इतिहासाचा तास एखाद्या मुलीच्या खांद्यावर हात ठेवू शकतो, हे मला चौतीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी सनावळ्या कमी पाठ करून घेतल्या असत्या.

अर्थात प्रत्येक शाळेत नेस्बिटबाई नसतात. बऱ्याच शाळांचा संदेश फळ्यावर नसतो, भिंतीत असतो. त्यासाठी तुम्हाला व्हर्जिनियातल्या फार्मव्हिल या छोट्या गावात नेते. मुलीकडे गेले असताना आम्ही मुद्दाम तिथं गेलो, कारण ती शाळा आता संग्रहालय झाली आहे.

रॉबर्ट रूसा मोटन हायस्कूल १९३९मध्ये १८० मुलांसाठी बांधलं. १९५१मध्ये तिथं साडेचारशेहून जास्त मुलं होती. जिल्ह्यानं नवी इमारत दिली नाही. मैदानात लाकडी खोपटं उभी करून वर डांबरी कागद ठोकून दिला. रस्त्यानं जाणाऱ्यांना ती कोंबड्यांची खुराडी वाटायची. आत मध्यभागी एक शेगडी. शेगडीजवळची मुलं घामाघूम, दाराजवळची कोट घालून. पाऊस आला की छत गळायचं, मुलं छत्र्या उघडून बसायची. कधी एखादा वर्ग शाळेच्या बसमध्ये भरायचा. ती बसही गोऱ्या मुलांच्या शाळेनं टाकून दिलेली, पुस्तकंही त्यांनी वापरून झालेली. गोऱ्यांच्या शाळेला व्यायामशाळा, प्रयोगशाळा, जेवणाची खोली होती. मोटनमध्ये यातलं काही नव्हतं.

त्या शाळेच्या सभागृहातल्या बाकावर मी बसले होते. बोलायला कुणी नव्हतं तेव्हा मनात आलं, हे छत रोज साडेचारशे मुलांशी बोलत होतं. तुम्ही कमी किमतीचे आहात, असं रोज सांगत होतं, आणि कुठल्याही शिक्षकाला तोंडानं ते म्हणावं लागत नव्हतं.

बार्बरा जॉन्स त्या शाळेत होती, सोळा वर्षांची, अबोल. तिच्या काकांकडे पुस्तकं भरपूर होती आणि ते स्वतः निर्भीड धर्मोपदेशक होते. पुढं किंग ज्या मॉन्टगोमेरीच्या चर्चमध्ये गेले, तिथं त्यांच्या आधी हेच व्हर्नन जॉन्स होते. एके दिवशी बार्बरानं तिच्या संगीताच्या शिक्षिका इनेझ डेव्हनपोर्ट यांच्याकडे शाळेच्या हालांबद्दल तक्रार केली. बाईंनी सहानुभूतीचं भाषण दिलं नाही, तिला गप्पही केलं नाही. मग तू त्याचं काही करत का नाहीस, असं तिलाच विचारलं. बार्बराला आधी वाटलं, बाईंनी आपल्याला झटकलं. मग एका सकाळी तिची बस चुकली. ती रस्त्यावर उभी असताना गोऱ्या मुलांची अर्धी रिकामी बस तिच्यासमोरून निघून गेली. त्या दिवशी बाईंचा प्रश्न तिच्या डोक्यात पक्का बसला.

२३ एप्रिल १९५१. मुख्याध्यापकांना फोन आला की तुमची मुलं बसस्थानकावर गडबडीत सापडली आहेत. ते धावत गेले. इकडे प्रत्येक वर्गात सभेची चिठ्ठी पोचली. पडदा वर गेला तेव्हा मंचावर मुख्याध्यापकांच्या जागी बार्बरा उभी होती. तिनं शिक्षकांना बाहेर जायला सांगितलं. काहींनी हरकत घेतली तेव्हा तिनं पायातला बूट काढून आपटला. आणि साडेचारशे मुलं शाळेबाहेर पडली. संप दोन आठवडे चालला. मुलांची मागणी फक्त चांगल्या शाळेची होती. रिचमंडहून ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवुड रॉबिन्सन हे वकील आले आणि म्हणाले, चांगल्या वेगळ्या शाळेसाठी आम्ही लढणार नाही. वेगळं बसवणंच चूक आहे म्हणून लढाल तर येतो. मुलं आणि त्यांचे पालक तयार झाले. चौदा वर्षांच्या डोरोथी डेव्हिसचं नाव आधी असलेला खटला ११७ विद्यार्थ्यांच्या वतीनं दाखल झाला. १७ मे १९५४ला ब्राऊन खटल्याच्या निकालानं शाळांमधला वंशभेद घटनाबाह्य ठरवला. त्या निकालात एकत्र केलेल्या पाच खटल्यांपैकी विद्यार्थ्यांनी स्वतः सुरू केलेला हा एकच.

किंमत कुणी दिली तेही सांगायला हवं. मुख्याध्यापक बॉइड जोन्स यांचं कंत्राट पुढं चालू ठेवलं नाही. बार्बराला सुरक्षिततेसाठी काकांकडे मॉन्टगोमेरीला पाठवावं लागलं. पुढं तिच्या आईवडिलांचं घर जळलं. न्यायालयाचा आदेश मानायचा नाही म्हणून प्रिन्स एडवर्ड काउंटीनं १९५९मध्ये सगळ्या सरकारी शाळांना कुलूप लावलं, ते १९६४पर्यंत. गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा निघाली. कृष्णवर्णीय मुलं पाच वर्षं घरी बसली, किंवा नातेवाइकांकडे परगावी गेली, आणि काहींची शाळा कायमची सुटली. संग्रहालयातून बाहेर पडताना माझी मुलगी म्हणाली, ‘आई, ती कुलपं उघडली तेव्हा सातवीत बसायच्या वयाची मुलं दुसरीचंच शिकली असतील.’ शाळेचं कुलूप हाही संदेशच. त्याहून उघड बोललेला संदेश मी पाहिलेला नाही.

पण कुलपाचीही एक उलटी बाजू असते, ती मिसिसिपीत दिसते. १९६४च्या उन्हाळ्यात तिथं चाळीसहून जास्त ‘फ्रीडम स्कूल’ निघाल्या. चर्चच्या तळघरात, कुणाच्या ओसरीवर, झाडाखाली. कल्पना चार्ल्स कॉब या विद्यार्थी कार्यकर्त्याची. मिसिसिपीच्या शाळा मुलांना प्रश्न न विचारायला शिकवतात, असं त्याचं निदान होतं. म्हणून तिथं अभ्यासक्रमच प्रश्नांचा होता. गोऱ्यांकडे असं काय आहे जे आपल्याला हवं? असं काय आहे जे नको? आपल्याकडचं काय आपल्याला टिकवायचं आहे? हा तिसरा प्रश्न मला मोठा वाटतो. पीडिताला फक्त पीडा आहे असं मानणाऱ्या शिकवण्याला त्यात उत्तर आहे.

त्याच उन्हाळ्यात फिलाडेल्फिया नावाच्या मिसिसिपीतल्या गावाजवळ तीन तरुण कार्यकर्त्यांचा खून झाला होता. सप्टेंबरमध्ये शाळा उघडली तेव्हा तिथल्या कृष्णवर्णीय मुलांच्या हायस्कूलमध्ये तीस-चाळीस मुलं छातीवर बिल्ला लावून आली. मधोमध एसएनसीसी या संघटनेची आद्याक्षरं, भोवती ‘एक माणूस, एक मत’. बिल्ले लावून या असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मुख्याध्यापकांनी बिल्ले काढायला सांगितले, मुलांनी नकार दिला, त्यांना घरी पाठवलं. पालक न्यायालयात गेले आणि १९६६मध्ये अपील न्यायालयानं मुलांच्या बाजूनं निकाल दिला. वर्गाचं काम अडत नसेल तर शाळा मुलांचं म्हणणं दाबू शकत नाही, असं त्यात म्हटलं. आज अमेरिकेत शाळेत विद्यार्थ्याला बोलण्याचा जो हक्क आहे, त्याची एक मुळी त्या टाचणीनं लावलेल्या बिल्ल्यात आहे.

आता मला ज्या गोष्टीबद्दल जास्त काळजी वाटते त्याकडे येते. वरची सगळी उदाहरणं कठोर काळातली. आज कुठलीही शाळा मुलांना खुराड्यात बसवत नाही. आजचा संदेश गोड असतो. आम्ही रंग पाहत नाही, सगळी मुलं सारखी. ऐकायला किती चांगलं! २०१०मध्ये इव्हान अ‍ॅपफेलबॉम, नलिनी अंबाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत आठ ते अकरा वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग केला. काही मुलांना एका शिक्षिकेची गोष्ट वाचून दाखवली, ज्यात रंगाकडे लक्षच द्यायचं नाही असा उपदेश होता. इतरांना ऐकवलेल्या गोष्टीत माणसांमधल्या फरकांची कदर करा असं सांगितलं होतं. मग सगळ्यांना मुलांमधले काही प्रसंग ऐकवले, त्यातल्या एकात एका मुलाला तो कृष्णवर्णीय असल्यामुळेच त्रास दिला जात होता. रंग न पाहण्याचा उपदेश ऐकलेल्या मुलांमध्ये तो भेदभाव ओळखणारी मुलं बरीच कमी निघाली. त्यांनी प्रसंग स्वतःच्या शब्दांत सांगितला तो इतका मवाळ झाला, की ऐकणाऱ्या मोठ्यांनाही मध्ये पडण्याची गरज कमी वाटली. एक गोड वाक्य, आणि त्यानं मुलाचे डोळेही मिटले, मास्तरांचेही कान मिटले.

जे दिसत नाही त्याविरुद्ध मूल उभं कसं राहील? ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेअरे यांच्या विचारावरून काम करणारे संशोधक तीन गोष्टी एकत्र पाहतात. अन्याय का आहे याची समज, आपण तो बदलू शकतो हा विश्वास, आणि मग कृती. पहिली असून दुसरी नसेल तर मूल खचतं. दुसरी असून पहिली नसेल तर ते वर्गणी गोळा करतं आणि घरी जातं. मला वाटतं, नेस्बिटबाईंनी पहिली दिली आणि डेव्हनपोर्टबाईंनी दुसरी.

अ‍ॅरिझोनातल्या टुसॉनमध्ये मेक्सिकन-अमेरिकन मुलांसाठी असाच अभ्यासक्रम होता, ज्यात त्यांचा इतिहास त्यांच्याच बाजूनं शिकवला जायचा. तो घेतलेल्या मुलांचं हायस्कूल पूर्ण करण्याचं प्रमाण चांगलं होतं, असं संशोधनात दिसलं. राज्यानं २०१०मध्ये त्याच्याविरुद्ध कायदा केला. २६ एप्रिल २०११ला नऊ विद्यार्थ्यांनी शाळा मंडळाच्या सभासदांच्या खुर्च्यांना स्वतःला साखळीनं बांधून घेतलं आणि सभा होऊ दिली नाही. तरी २०१२मध्ये तो बंद झाला, पुस्तकं वर्गातून उचलून खोक्यांत भरली. त्यात फ्रेअरेंचं पुस्तकही होतं. २०१७मध्ये न्यायालयानं सांगितलं की बंदीमागे वांशिक आकस होता. साखळी बांधायला त्या मुलांना कुणी शिकवलं नव्हतं. अन्याय ओळखायला शिकवलं होतं, पुढचं त्यांनी स्वतः ठरवलं. २०२०मध्ये नॅशव्हिलमध्ये वंशभेदाविरुद्ध हजारोंचा मोर्चा काढणाऱ्या सहा मुलीही चौदा ते सोळा वर्षांच्या होत्या. त्यानंतर कितीतरी राज्यांनी वंशाबद्दल वर्गात काय बोलावं यावर बंधनं आणणारे कायदे केले. शाळेच्या संदेशात ताकद नसती तर त्याला इतकं घाबरलं कोण असतं!

आपल्यापैकी काहींना वाटेल, हे दूरचं आहे. पण जोतीरावांनी १८७३मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामीविरोधी सज्जनांना. त्याच्याही आधी, १८५५मध्ये, त्यांच्या शाळेत शिकणारी मुक्ता साळवे ही मांग समाजातली मुलगी ‘ज्ञानोदय’मध्ये मांग-महारांच्या दुःखाबद्दल निबंध लिहीत होती. शाळेनं तिला अक्षर दिलं, आणि आपलं दुःख लिहिण्याजोगं आहे हेही सांगितलं. उलट दिशेचा प्रवासही आहे. १९५९मध्ये किंग केरळात एका शाळेत गेले. तिथं मुख्याध्यापकांनी मुलांना त्यांची ओळख करून दिली, ती अमेरिकेतला एक अस्पृश्य म्हणून. समोर बसलेली मुलं पूर्वीच्या अस्पृश्य घरांतली होती. किंग यांना आधी राग आला. मग त्यांनी विचार केला आणि मान्य केलं, होय, मी अस्पृश्यच आहे. हे त्यांनी १९६५मध्ये आपल्या चर्चमध्ये सांगितलं. एका मुख्याध्यापकाच्या एका वाक्यानं समोरच्या मुलांनाही शिकवलं आणि पाहुण्यालाही.

आता माझ्याबद्दल. दहावीला अमेरिकेतला नागरी हक्कांचा लढा शिकवताना मी वर्गाला सांगितलं होतं, बघा, तिकडे कातडीच्या रंगावरून काय काय झालं, आपल्याकडे हे नाही. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. सावळा म्हणणार नाही, काळाकुट्ट होता, आणि अभ्यासात चांगला होता. म्हणाला, ‘बाई, मग गॅदरिंगला पाचवीपासून मलाच राक्षस का करता?’ वर्ग हसला. मीही हसले आणि म्हटलं, ‘अरे, तुझा आवाज भारदस्त आहे ना.’ आवाज भारदस्त नव्हता. तो बसला. त्या वर्षीही राक्षस तोच झाला, आणि छान केला म्हणून मी त्याला सगळ्यांसमोर बक्षीस दिलं.

गॅदरिंगची बैठक दर डिसेंबरात मुख्याध्यापकांच्या खोलीत व्हायची, चहा आणि बिस्किटं, समोर पात्रांची यादी. त्याच्यानंतर अठरा वर्षं मी त्या बैठकीला बसले. त्याचा प्रश्न एकदाही तिथं मांडला नाही. आज इथं या गावातल्या तीन शाळांचे शिक्षक बसले आहेत, म्हणून मांडते.